देवाने जोडलेले आधी कोण तोडतो?

नगरची_लेक

"देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये." बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातले, १९व्या अध्यायातले हे वाक्य आपल्याकडे लग्नपत्रिकेवर छापतात, स्टेजच्या पडद्यावर थर्माकोलच्या अक्षरांत लावतात, आणि संसार मोडायला आला की बैठकीत सगळ्यात आधी तेच काढतात. धागा काढलाय तो या तिसऱ्या वापरासाठी.

माझ्या ओळखीतली एक बाई मनगटाला प्लास्टर घालून माहेरी आली. गाव, मंडळी (म्हणजे तिचं चर्च), नाव मुद्दाम देत नाही. मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे चर्चच्या पुढाऱ्यांनी, दोघांना समोरासमोर बसवलं, हे वचन वाचलं, नवऱ्याने रडून माफी मागितली, प्रार्थना झाली, चहा झाला आणि तिची बॅग रिक्षात ठेवली गेली. बसलेल्यांपैकी कोणाचीच नियत वाईट नव्हती. पण वचन उलटं धरलं गेलं, असं माझं ठाम मत आहे, आणि ते का हे नीट मांडायचंय.

मुळात येशूला प्रश्न कोणी विचारला आणि काय विचारला? परूशी, म्हणजे नियमशास्त्राला काटेकोर धरणारे यहुदी, आले आणि म्हणाले, कोणत्याही कारणावरून बायको टाकणं योग्य आहे का? हा त्या काळी धुमसत असलेला वाद होता. जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात मोशेने सूटपत्राची, म्हणजे घटस्फोटाच्या कागदाची, तरतूद केलेली. नवऱ्याला बायकोत काही अनुचित आढळलं तर त्याने सूटपत्र लिहून तिच्या हाती द्यावं आणि तिला घरातून लावून द्यावं. आता "अनुचित" म्हणजे काय, यावर शास्त्र्यांच्या दोन शाळा भांडत होत्या. शम्मयची शाळा म्हणे, फक्त निर्लज्ज वर्तन. हिल्लेलची शाळा म्हणे, तिने जेवण बिघडवलं तरी पुरे. पुढे रब्बी अकिबा म्हणाले, दुसरी जास्त देखणी दिसली तरी चालेल. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे यहुदी शास्त्र्यांच्या नियमसंग्रहात, गित्तीन या भागाच्या अगदी शेवटी ही तिन्ही मतं एकाखाली एक नोंदवलेली आहेत.

यात बाईला कोणी विचारत नाही. कागद त्याने लिहायचा, तिने घ्यायचा आणि उंबऱ्याबाहेर पडायचं. शेत त्याच्या बापाचं, मुलं त्याच्या घराण्याची. माहेरी कोणी असेल तर ठीक.

या प्रश्नाला येशू उत्तर देतो ते थेट बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत जाऊन. पुरुष आईबापांना सोडून बायकोशी जडून राहील, दोघं एकदेह होतील. आणि मग ते वाक्य. म्हणजे ज्याच्या हातात कागद आणि लेखणी आहे, ज्याला दार उघडून दुसऱ्याला बाहेर काढता येतं, त्याला उद्देशून ते म्हटलेलं आहे. शिष्यांची प्रतिक्रिया बघा, १०वं वचन. असं असेल तर लग्न न केलेलंच बरं, म्हणतात ते! कोणाच्या मोकळिकीला कात्री लागली, हे त्यांना ताबडतोब कळलं होतं. आपल्याला मात्र अजून कळलेलं दिसत नाही, कारण आपण तेच वाक्य ज्या बाईच्या हातात काहीच नाही तिच्यावर चालवतो.

दुसरं आवडतं वचन मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, २:१६. मला सूटपत्राचा तिटकारा आहे, असं परमेश्वर म्हणतो. व्यासपीठावरून इथेच पुस्तक मिटतं. वचन मात्र पुढे चालू आहे. त्याच दमात, त्याच तिटकाऱ्यात, आपलं वस्त्र जुलमाने झाकणाराही येतो. आणि मागे तीन वचनं गेलात तर कळतं की देव मुळात का चिडलाय. वेदी आसवांनी भिजली आहे, अर्पणं घेतली जात नाहीत, लोक विचारतात का. तर म्हणे, तू आणि तुझ्या तारुण्यातली बायको, यांच्यात परमेश्वर साक्षी होता आणि तू तिच्याशी विश्वासघाताने वागलास. साक्षीदार म्हणून देव कोणाच्या बाजूने उभा आहे, हे इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना आपण बैठकीत त्याला नवऱ्याचा वकील करून टाकतो.

तिसरी जागा फारशी कोणी उघडत नाही. निर्गम या पुस्तकातली, २१:१०-११. तिथे दासी म्हणून आणलेल्या बायकोबद्दल नियम आहे. नवऱ्याने दुसरी केली तरी हिचं अन्न, वस्त्र आणि वैवाहिक हक्क कमी करायचे नाहीत. या तीन गोष्टी केल्या नाहीत तर ती पैसा न भरता मोकळी होऊन जाईल. दासीला एवढं! मग वेदीसमोर, दोनशे माणसांच्या साक्षीने वचन देऊन आणलेल्या बायकोचा हक्क त्याहून कमी कसा असेल?

म्हणून मी असं मानते की लग्न हा करार आहे आणि करार एका छपराखाली राहूनही मोडता येतो. ज्या दिवशी हात उगारला, ज्या दिवशी तिला उपाशी कोंडलं, त्या दिवशी तोडणारा तोडून मोकळा झालेला असतो. ती माहेरी आली किंवा कोर्टात गेली, ते झालेल्या गोष्टीची नोंद करायला. तिला "तू तोडतेस" म्हणणं खोटं आहे.

मी आयुष्यभराच्या लग्नावर विश्वास ठेवणारी आहे. घटस्फोट सोपा व्हावा म्हणून हे लिहीत नाही. तुम्हाला काय वाटतं, विशेषतः मंडळीची कामं करणाऱ्यांना, ते वाचायला आवडेल.

---

वसईचं_बावखल

ताई, पूर्ण सहमत. आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडे बंधन आणखी घट्ट. लग्न हा संस्कार, विधिवत झालेलं आणि पूर्णत्वाला गेलेलं लग्न मरणाखेरीज सुटत नाही. पण लोकांना वाटतं म्हणजे कॅथलिक बाईने मार खात राहायचं, ते तसं नाही. चर्चच्या कायदेसंहितेत, १९८३ च्या, कलम ११५३ आहे. जोडीदारामुळे दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या आत्म्याला वा शरीराला गंभीर धोका असेल, तर वेगळं राहायला ते वैध कारण आहे. उशीर करण्यात धोका असेल तर बिशपांच्या परवानगीची वाटही बघायची गरज नाही, स्वतःच्या निर्णयाने निघता येतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या कुटुंबविषयक पत्रात तर म्हटलंय की काही वेळा वेगळं होणं नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरतं.

विवाहपूर्व शिबिरात मी आणि माझी बायको जोडप्यांशी बोलायला जातो. तिथे पैशाचं नियोजन सांगतात, कुटुंबनियोजन सांगतात, सासूशी कसं वागावं तेही सांगतात. कलम ११५३ कोणी सांगत नाही. मी आता सांगतो. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने वही काढून आकडा लिहून घेतला. लग्नाला महिना होता तिच्या.

---

जुना_अध्यापक

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण मला एक काळजी वाटते. मारहाणीची उदाहरणं घेऊन बोललं की सगळे मान डोलावतात. मोडणाऱ्या लग्नांतली कितीतरी मात्र मारहाणीची नसतात. कंटाळा, पगार, फोन, "आमचं जमत नाही". शास्त्राचा जोर टिकण्यावर आहे आणि ते आज कोणीच बोलायला धजत नाही.

माझं सांगतो. पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, दर दोन तासांनी कूस बदला नाहीतर पाठीला जखमा होतील. रात्रीसुद्धा. भाताची पेज चमच्याने भरवायची, तर डाव्या गालात चमचा लावायचा, कारण उजव्या बाजूने ती बाहेर ओघळते. हे शिकायलाच मला आठवडा लागला. ठसका लागला की मान पुढे करायची, मागे नाही. नातेवाईक म्हणाले बाई ठेवा. ठेवली, पण रात्रीचं मीच करतो. आमच्या लग्नात पाळकसाहेबांनी विचारलं होतं, आजारात आणि आरोग्यात? मी "होय" म्हणालो तेव्हा माझं वय २६ होतं आणि आजार म्हणजे मला हिवताप एवढंच माहीत होतं.

तरुणांना सांगा, "होय" म्हणजे हे. फक्त बाहेर पडायचं दार कुठे आहे ते सांगू नका.

---

नगरची_लेक

काका, सलाम. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

तुम्ही जे करताय तेच इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. २९वं वचन: कोणी कधी आपल्या देहाचा द्वेष केला नाही, तो त्याचं पालनपोषण करतो. तुम्ही पेज भरवताय, ते हे. आणि त्या अध्यायाची मांडणी बघा. २१व्या वचनात एकमेकांच्या अधीन असा. मग बायकांना तीन वचनं. आणि त्यापुढे अध्यायाच्या शेवटापर्यंत जवळजवळ सगळं नवऱ्यांना, ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली आणि स्वतःला तिच्यासाठी दिलं तसं द्या म्हणून. त्या काळच्या रोमी घरात कर्त्या पुरुषाला असं कोणी सांगत नव्हतं. बायकोने, मुलांनी, दासांनी ऐकावं हे सगळेच सांगत. जीव त्याने द्यावा, हे प्रेषित पौल सांगतो. आपल्या बहुतेक लग्नांतल्या उपदेशात मात्र ती तीन वचनं वीस मिनिटं आणि बाकीचा भाग जेवणाची वेळ झाली म्हणून दोन मिनिटं.

कंटाळ्याने लग्न मोडणाऱ्यांबद्दल तुमच्याशी माझं भांडण नाहीच. कंटाळ्याने टाकणं म्हणजे हिल्लेलच्या शाळेचं जेवण बिघडलेलं, आणि येशूने नाही म्हटलं ते त्यालाच. माझं म्हणणं इतकंच की टिकून राहण्याचा भार ज्याच्यात ताकद आहे त्याच्यावर जास्त आहे. तुमच्या घरात आज ताकद तुमच्याकडे आहे आणि तुम्ही ती पाठीला जखम होऊ नये म्हणून वापरताय.

काकूंना माझा सलाम सांगा.

---

पाळक_मराठवाडा

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. बहिणीने कळीचा विषय काढला आहे. मी सेवेत आहे म्हणून दुसरी बाजू मांडतो, वादासाठी नव्हे.

होशेय संदेष्ट्याचं काय करायचं? बायको गोमेर त्याला सोडून गेली, इतरांच्या मागे लागली. देव म्हणाला, जा, तिच्यावर पुन्हा प्रीती कर. आणि त्याने तिला पंधरा शेकेल चांदी आणि दीड होमर जव देऊन परत घेतलं. स्वतःचीच बायको विकत! पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात आहे की वचन न मानणारे नवरेही बायकांच्या वागणुकीने, शब्दावाचून मिळवले जातात. आम्ही हेच सांगत आलो आहोत आणि काही घरं खरोखर सावरलेली मी पाहिली आहेत. दारू सुटली, माणूस माणसात आला. ती आशा शास्त्रच देतं. ती मी कशी सोडू?

---

नगरची_लेक

पाळकसाहेब, आशा सोडू नकाच. पण होशेयाच्या गोष्टीत दुखावलेला कोण आहे? नवरा. घर त्याचं, पैसा त्याचा, समाजात मान त्याचा. सूड घ्यायची मुभा असलेला माणूस ती मुभा सोडतो, ही होशेयाची थोरवी. तीच गोष्ट उचलून मार खाणाऱ्या बाईला सांगितली की सगळं उलटं होतं. होशेय सांगायचाच असेल तर चिडलेल्या नवऱ्यांना सांगा.

पेत्राच्या पत्रात त्याच अध्यायाचं सातवं वचन नवऱ्यांना आहे. बायकोला मान द्या, तीही जीवनरूपी वरदानाची सहवारस आहे, नाहीतर तुमच्या प्रार्थनांत अडथळा येईल. मलाखीतल्या वेदीसारखंच. बायकोशी नीट न वागणाऱ्याची प्रार्थना वर पोचत नाही, असं जुना करार म्हणतो आणि नवाही म्हणतो. त्या बैठकीत त्या नवऱ्याने रडून केलेली प्रार्थना सगळ्यांनी "आमेन" म्हणून मान्य केली. हे वचन कोणीच का काढलं नाही?

दारू सुटेपर्यंत ती दुसऱ्या घरात सुरक्षित राहिली तर आशा कमी होते का? मला वाटतं वाढते.

---

अलिबाग_ते_अशदोद

शालोम मंडळी. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी, आजोबांची तेलाची घाणी रेवदंड्याजवळ, आता कुटुंब इथे इस्राएलात. तुम्ही आमचंच शास्त्र वाचताय म्हणून थोडी भर.

हिल्लेल-शम्मयचा दाखला बरोबर. पण त्याच काळात शास्त्र्यांनी दुसऱ्या बाजूने बंदोबस्तही केला होता, तो म्हणजे कतुबा. लग्नाच्या वेळचा लेखी दस्तऐवज. नवऱ्याने टाकलं किंवा तो मेला तर बायकोला ठरलेली रक्कम मिळणार. मिश्नात कुमारिकेला दोनशे झुझ (चांदीची नाणी), विधवेला शंभर. रागाच्या भरात सूटपत्र लिहायला बसलेल्या माणसाला आधी ती रक्कम आठवावी, असा हेतू. आमच्या कोकणातल्या लग्नांत नवरा नवरीला उद्देशून गाणं म्हणतो, सगळे डोळे पुसतात, आणि मग कतुबा मोठ्याने वाचला जातो, आकड्यासकट. लहानपणी मला ते रुक्ष वाटायचं. आता त्यातली माया कळते.

पण एक दुखणं आमच्याकडे आजही आहे. सूटपत्र नवऱ्यानेच द्यायचं असतं. त्याने दिलं नाही तर बाई अडकते, ना संसार ना सुटका. अशा बायकांना आमच्याकडे अगुना म्हणतात. इस्राएलात १९९५ साली कायदा झाला, रब्बींच्या कोर्टाने सांगूनही सूटपत्र न देणाऱ्याचा पासपोर्ट, वाहन परवाना, बँक खातं अडवता येतं, तुरुंगातही टाकता येतं. म्हणजे बघा, मोशेच्या नियमातला तोच कागद. एके काळी तो हातात पडणं ही बाईवरची आपत्ती, आणि आज तो न मिळणं ही आपत्ती. नियम एकच धरून बसलं आणि बाई कुठे उभी आहे ते पाहिलं नाही तर काय होतं, ते आम्ही रोज बघतो.

आणि पाळकसाहेब, यिर्मया ३:८ जरूर वाचा. तिथे देव स्वतः म्हणतो की इस्राएलच्या व्यभिचारांमुळे मी तिला सूटपत्र देऊन घालवून दिलं. तुमच्या होशेयासमोर हे ठेवून दोन्ही एकत्र वाचले पाहिजेत.

---

चिंचेचं_बन

+१ यिर्मयासाठी. हे कधीच कोणी प्रवचनात घेतलेलं ऐकलं नाही.

मला शास्ते या पुस्तकाचा १९वा अध्याय आठवतो. लेवी वंशातल्या एका माणसाची उपपत्नी त्याला सोडून बेथलेहेमला बापाच्या घरी जाते. चार महिने राहते. मग तो तिची समजूत घालायला येतो. बाप खूश! तीन दिवस जावयाला खाऊपिऊ घालतो, चौथ्या दिवशी थांबवतो, पाचव्या दिवशीही आग्रह करतो. सगळा अध्याय दोन पुरुषांच्या पाहुणचाराचा आहे. तिला कोणी विचारत नाही की तुला जायचंय का. तिचं नाव नाही, तिच्या तोंडी एक शब्द नाही. पाचव्या दिवशी दुपार कलल्यावर ते निघतात, गिबा गावी मुक्काम पडतो आणि तिथे रात्री तो स्वतःला वाचवायला तिला दाराबाहेर ढकलतो. सकाळी ती उंबऱ्यावर हात टाकून पडलेली सापडते.

आपल्या बैठका, त्यातला चहा, "जावईबापू स्वतः न्यायला आलेत" हा आनंद... मला तो अध्याय वाचला की तेच दिसतं.

---

साधा_वाचक

मी हिंदू, बायबलचा अभ्यास नाही, पण धागा सोडवत नाही. दोन शंका.

एक, आमच्याकडे जन्मोजन्मीची गाठ म्हणतात, तुमच्याकडे मरेपर्यंतची. तरी मुलीला परत धाडताना बोलली जाणारी वाक्यं हुबेहूब तीच कशी? "दिल्या घरी सुखी राहा" माझ्या आत्याला सांगितलं होतं.

दोन, लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र वाचलंय. ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई हिंदूच होत्या. मग तेव्हा लग्नाचं काय झालं? बायबलप्रमाणे ते टिकतं का?

---

नगरची_लेक

दादा, पहिल्याचं उत्तर तुम्हीच दिलंत. वाक्य समाजाचं असतं, शास्त्रातून नंतर पुरावा शोधला जातो.

दुसरा प्रश्न मला फार जवळचा, मी नगरची. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंना आधी न सांगता. त्यांच्यावर आकाश कोसळलं. करिंथकरांस पहिल्या पत्रात सातव्या अध्यायात पौल नेमकी हीच परिस्थिती घेतो. विश्वास न ठेवणारी बायको राहायला राजी असेल तर तिला सोडू नये. विश्वास न ठेवणारा जोडीदार निघून गेला तर जाऊ द्यावं, अशा वेळी भाऊ किंवा बहीण बांधलेली नाही, देवाने आपल्याला शांतीत राहायला बोलावलंय. १८६६ मध्ये इंग्रज सरकारने यावर कायदाच केला होता. धर्मांतरामुळे जोडीदार नांदत नसेल तर ख्रिस्ती झालेल्या माणसाला कोर्टातून लग्न सोडवून घेता येई. टिळक तरुण होते, लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. टिळकांनी तो रस्ता धरला नाही. पत्रं चालू राहिली. नंतर त्या नगरला आल्या तरी सोवळंओवळं धरून, चूल वेगळी ठेवून. बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो १९०० साली, स्वतःच्या मनाने, आणि तोही जातिभेद माणसाने केलाय हे स्वतःला पटल्यावर.

टिळकांचा स्वभाव तापट होता, घरात येईल ते दुसऱ्याला देऊन टाकायचे, हे लक्ष्मीबाईंनीच मोकळेपणाने लिहिलंय. आदर्श नवरा म्हणून मी त्यांना उभं करत नाही, न सांगता केलेल्या बाप्तिस्म्याचं समर्थन तर नाहीच. पण ती पाच वर्षं मला मोलाची वाटतात. त्याने तिला सोडलं नाही आणि ओढूनही नेलं नाही. बांधिलकी दोन चुलींवरही पाळता येते.

---

काळा_कोट

कौटुंबिक न्यायालयात काम करते. कायद्याचं थोडं, कारण गैरसमज खूप आहेत.

ख्रिस्ती लोकांना घटस्फोट आहे, १८६९ च्या कायद्याने. पण २००१ च्या दुरुस्तीपर्यंत तो विलक्षण होता. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा सोडून जाणं असं आणखी काहीतरी दाखवावं लागे. नुसती मारहाण, कितीही असो, घटस्फोटाला पुरत नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये प्रगती वर्गीस प्रकरणात ही अट घटनाबाह्य ठरवली, त्यानंतर चार वर्षांनी संसदेने कायदा बदलला. आता क्रूरता हे स्वतंत्र कारण आहे, दोघांनाही सारखं, आणि परस्परसंमतीचीही सोय आहे.

ज्यांना धर्मश्रद्धेमुळे घटस्फोट नको त्यांच्यासाठी त्याच कायद्यात न्यायिक विभक्तता आहे. लग्न कायम राहतं, एकत्र राहण्याची सक्ती जाते. माझ्या अनेक ख्रिस्ती अशिलांना हे माहीतच नसतं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे. त्यात घटस्फोट न मागताही संरक्षणाचा आदेश, खर्च आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क मिळतो. म्हणजे "तोडायचं की सोसायचं" एवढे दोनच पर्याय कधीच नसतात. तातडीला १८१ किंवा ११२.

वसईच्या दादांसाठी: चर्चच्या न्यायालयाने लग्न रद्दबातल ठरवलं तरी दिवाणी कायद्यात ते लग्न उभंच असतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ प्रकरणात हे स्पष्ट केलं, २०१७ मध्ये पुन्हा मागणी झाली तीही फेटाळली. केवळ चर्चच्या कागदावर दुसरं लग्न केलेले लोक नंतर अडचणीत येतात.

आणि एक. बायकोला नांदायला जायचा हुकूम कोर्टाने द्यावा, ही कल्पना आपल्याकडे इंग्लंडच्या चर्च-कोर्टांतून आली. तशाच दाव्यात मुंबईत रखमाबाईंना १८८७ मध्ये सांगितलं गेलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि त्या डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाईंनी त्यांच्या बाजूने लिहिलं होतं. शास्त्र स्वतः वाचणारी ख्रिस्ती बाई होती ती, पुढे अख्खं बायबल मराठीत आणणारी.

---

पाळक_मराठवाडा

वकीलताई, न्यायिक विभक्ततेबद्दल आजवर कोणी एवढं सोपं करून सांगितलं नव्हतं. आमच्या पाळकांच्या पुढच्या सभेत हा विषय ठेवतो आहे.

नगरच्या बहिणीला एवढंच सांगतो की करिंथ ७:११ मीही पुन्हा वाचलं. बायकोने नवऱ्यापासून वेगळं होऊ नये म्हटल्यावर पौल लगेच म्हणतो, पण झालीच तर तिने तसंच राहावं किंवा समेट करावा. "झालीच तर" याची जागा प्रेषिताने ठेवली आहे. ती आम्ही पाळकांनी बंद करू नये, एवढं मला मान्य आहे. पुनर्विवाहाबाबत माझी मतं अजून जुनीच आहेत आणि ती मी लपवत नाही. मत्तयात व्यभिचाराचा अपवाद आहे, पौलात सोडून जाणाऱ्याचा. त्यापलीकडे मी अजून जात नाही.

बैठकीबद्दल मात्र एक बदल आमच्या मंडळीत लगेच करता येईल. दोघांना समोरासमोर बसवण्याआधी बहिणीशी वेगळं बोलायचं, आणि बोलायला दोन बायका. नवरा, सासू, बाप कोणी खोलीत नको.

---

नगरची_लेक

पाळकसाहेब, पुनर्विवाहावर आपलं जुळत नाही. पौल "बांधलेली नाही" म्हणतो ते जोडीदार निघून गेल्यावर. पण घरात राहून जो जीव नकोसा करतो तो निघून गेल्यासारखाच नाही का? माझ्या मते आहे. यावर वेगळा धागा काढू, इथे कोंबायला नको.

वेगळं बोलायचं ठरवलंत त्यासाठी मनापासून आभार. दोन बायकांपैकी एक मंडळीबाहेरची असली तर आणखी बरं. आतली बाई बहुतेक वेळा कोणाची तरी मावशी असते.

---

पाहुणी_वाचक

खातं आजच उघडलं. मी सध्या बहिणीकडे आहे. तीन आठवडे झाले. घरी बायबल घेतलं की फक्त तेच वाक्य दिसायचं म्हणून वाचणं सोडलं होतं. मलाखी पूर्ण वाचलं आज.

वकीलताई, एक विचारायचं होतं. लग्नाचा दाखला सासरी राहिलाय. आमच्या चर्चमध्ये नक्कल मागितली तर म्हणाले, नवऱ्याला घेऊन या. काय करू?

---

काळा_कोट

बहिणी, नवऱ्याला न्यायची काही गरज नाही. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्नाच्या नोंदवहीत शोध घेऊ देणं आणि फी घेऊन सही केलेली नक्कल देणं हे नोंदवही ठेवणाऱ्याचं काम आहे. लेखी अर्ज दे. त्यात लग्नाची तारीख, दोघांची नावं, लग्न लावणाऱ्या पाळकांचं नाव लिही. अर्जाची दुसरी प्रत स्वतःकडे ठेव आणि तिच्यावर पोच घे. पोच द्यायला नाही म्हणाले तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठव.

तरीही नाही दिली तर अडू नकोस. चर्चमधल्या लग्नांच्या नोंदी ठरावीक काळाने सरकारकडे, जन्म-मृत्यू-विवाह महानिबंधकांच्या कार्यालयात पाठवाव्या लागतात. तिथूनही नक्कल मिळते. आणि हिंसाचार कायद्याखालचा अर्ज दाखल करायला दाखल्याची वाट बघत बसू नकोस. लग्नाचे फोटो, पत्रिका, रेशनकार्ड, आधारवरचा पत्ता, जे असेल ते घेऊन जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. दवाखान्याचे कागद असतील तर त्यांचे मोबाईलवर फोटो काढून बहिणीलाही पाठवून ठेव. मला इथेच व्यक्तिगत निरोप कर, तुझ्या जिल्ह्यात मोफत विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कुठे आहे ते बघून सांगते.